बापाच्या खांद्यावरची शाल

साहेबानं चहा मागवला. एकच. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या अन् माझा बाप उभा होता. मीही उभी. "बसा" म्हणायले त्याचं तोंड उघडलं नाही.

साहेब म्हणजे हायवेवरच्या खासगी कॉलेजाचा मालक. या तेलुगू मुलखात आमच्यासारखीच मराठी बोलणारा. बाप बोथ गावात सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. तिथं लोक त्याले सर म्हणतात. त्या दिवशी त्याच्या अंगावर शाल होती, याच साहेबानं घातलेली. अन् तरी तो उभा होता.

इंटरच्या म्हणजे बारावीच्या निकालात मी आख्ख्या मंडलात, तालुक्यात म्हणा ना, पहिली आली, तेव्हा साहेब आपल्या पायानं आमच्या बुद्धवाड्यात आला. संग फोटोवाला. माझ्या गळ्यात हार, बापाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. बापाले जन्मात कोणी शाल घातली नव्हती. त्यानं ती बाबासाहेबांच्या फोटोखाली खुंटीले टांगली. आल्यागेल्याले दाखवे. आमाले वाटलं, मान दिला. येडे आमी!

चार दिवसांत इचोड्याच्या चौकात माझ्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला. खाली लिहिलं होतं, आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी. मले कोणी विचारलंच नव्हतं. मग कळलं, शाल घेतली म्हणजे त्याइच्या कॉलेजात सीट घेतली, असा या कॉलेजवाल्याइचा रिवाज. आमाले कोण सांगणार? आमच्या घरी आधी कोणाले शालच आली नव्हती.

मले वकील व्हायचं होतं. हैदराबादच्या सरकारी लॉ कॉलेजात माझा नंबर लागला होता. साहेबाले नाही सांगणं भाग होतं. आमच्या इंटरच्या मॅडमनं शिकवलं, आधी आभार मान, मग कारण सांग, मग नाही म्हण, आवाज चढवू नको. मी आरशासमोर उभी राहून पाठ केलं. बाप म्हणाला, "शाल पांघरूनच जातो. त्याचा मान राहते."

तर अशे आमी गेलो.

"सर, तुमी घरी आले, सत्कार केला, लई आभार. पण..."

त्या "पण"वर तो हसला. माझ्याकडं पाहिलंही नाही. बापाले म्हणाला, "तुझा बाप माझ्या बापाकडं सालगडी होता. जिंदगीत त्यानं कधी नाही म्हटलं नाही. तुमच्या लोकाइले नाही म्हणायले कोणं शिकवलं रे?"

तेवढ्यात कोणी कापडवाला आत आला. "या या, बसा ना." त्याले खुर्ची. त्याले चहा. अन् त्या माणसासमोर माझा बाप खाली पाहून बोलला,

"मालक, लेकरू आहे. समजावतो मी तिले."

मालक! आजा मेला, सालदारकी गेली, बाप शिकला, नोकरीले लागला. अन् तो शब्द त्याच्या गळ्यात तसाच होता. म्हणजे मी या कॉलेजात शिकली, तर तो माझ्याही गळ्यात येणार होता.

पाठ केलेलं सगळं विसरली. विसरली कायची, फेकून दिलं. बापाच्या खांद्यावरची शाल ओढली. त्यानं एक टोक धरून ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. मग सोडलं. शाल मी टेबलावर ठेवली, साहेबाच्या चहाजवळ.

"ही घ्या तुमची. चौकातला माझा फोटो उतरवा. मी तुमच्या कॉलेजात नाही येणार."

आभार मानले नाही.

बाप माझ्या पुढं पुढं चालत स्टँडवर गेला. बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसला. घरी गेल्यावर आई म्हणाली, "परक्यासमोर बापाच्या अंगावरची शाल ओढली, काऊन व? चांगल्या शब्दांत सांगता आलं नसतं?"

नेले होते ना मी चांगले शब्द. ऐकले कोणं?

हैदराबादले निघाली, तेव्हा बाप सोडायले आला नाही.

इथं हॉस्टेलात पोरी तेलुगूत हसतात-बोलतात. समजते मले सगळं, पण माझ्याशी कोण बोलते? रविवारी त्याइचे बाप भेटायले येतात, डबे आणतात. मी गॅलरीत उभी राहून फोन लावते. बाप उचलतो. "जेवली?" "जेवली." बस. आई सांगते, खुंटी रिकामी आहे, तो तिकडं पाहत नाही. लई एकटं वाटते. रडते मी. खोटं काऊन बोलू?

पण त्या शालीसाठी माफी मागणार नाही. साहेबाची नाही, बापाचीही नाही. माझा बाप उघड्या खांद्यानं बाहेर आला, हे मले चालते. शाल पांघरून तो उभा राह्यला, ते नाही चालत. पुढं कोणी मान द्यायले आलं, तर आधी बापासाठी खुर्ची मागीन. खुर्ची नसली तर नाही म्हणीन. उभ्याउभ्या. आभार न मानता.