आबाजीचं तेल अवीव

तेल अवीव शहर कसं आहे हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण आबाजी तिथं एक दिवस फिरून आलाय. आबाजी माझा चुलतभाऊ. त्या दिवशी मी त्याच्यासोबत होतो, त्यामुळं पारावरच्या त्याच्या गप्पा ऐकल्या की माझं डोकं फिरतं. तरी मी गप्प बसतो. का, ते सांगतो.

शहाण्णव साली इंदापूर तालुक्यातले काही बागायतदार शेतीचं प्रदर्शन बघायला इस्रायलला निघाले. आबाजीचा नंबर लागला तो डाळिंबाच्या बागेमुळं. आता ही बाग उभी केली त्याच्या बायकोनं, सारजावहिनीनं. खड्डे तिनं घेतले, छाटणी तिची, ठिबकच्या नळ्या साफ करायच्या त्याही तिनंच. हा दुपारी बांधावर एक चक्कर मारायचा आणि संध्याकाळी पारावर 'माझी बाग, माझी बाग' करायचा. पण सातबारा त्याच्या नावावर, म्हणून विमानात तो. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मी हायस्कूलात मास्तर. चार वाक्यं इंग्रजी बोलतो म्हणून मलाही सोबत घेतलं.

निघताना वहिनीनं एकच काम सांगितलं. दोन वर्षं तिची फळं झाडावरच तडकत होती. तिनं फळांचे फोटो काढून घेतले होते, कधी किती पाणी दिलं ते वर्षभर वहीत लिहिलं होतं. सगळं एका कापडी पिशवीत घालून तिनं नवऱ्याच्या हातात दिलं. "तिथल्या जाणत्या मानसाला एवढं दावा. औंदाबी फळं फुटली तर तुमी बाग उपटून ऊस लावणार म्हंता. मग त्येंला इचारून तरी या, माझं चुकतंय कुठं."

प्रदर्शनात नशिबानं एक म्हातारे बागसल्लागार भेटले. मूळचे अलिबागकडचे यहुदी, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. म्हणाले, "उद्या दोन वाजता वही घेऊन ऑफिसात या. निवांत बघू."

तो शेवटचा, मोकळा दिवस. सकाळी आम्ही चालत शहर बघायला निघालो. समुद्र बघून आबाजी म्हणाला, "आपली उजनी ह्याच्यापरास बरी, पानी तरी पिता येतं." याफा या जुन्या भागातला घड्याळाचा मनोरा बघून म्हणाला, "कारखान्याचं धुराडं उंच हाय ह्याच्याहून." बाजारात कुणी जैतूनचं खारवलेलं फळ चाखायला दिलं तर तिथंच थुंकला. एकही गोष्ट आवडली नाही, पण प्रत्येकीपुढं सफारी घालून फोटो हवाच. फोटो मी काढायचे, टोपी सरळ आहे का तेही मीच बघायचं.

एक वाजता ऑफिसाकडं जाणारी बस आली. दारापाशी चार माणसं रांगेत होती. रांग दिसली की आबाजीला इंदापूरचा स्टँड आठवतो. मी "थांब" म्हणेपर्यंत यानं पळत जाऊन उघड्या खिडकीतून पिशवी सीटवर टाकली. जागा धरली! आणि जागा धरल्यावर कंडक्टरची घंटी होईपर्यंत खाली निवांत उभं राहायचं, ही आपली रीत. तो मिशी सारखी करत म्हणाला, "काढ बसपुढं एक फोटू." मी कॅमेरा उघडतोय तोवर चारही माणसं चढली, दार लागलं आणि बस गेली. अर्धी रिकामी होती.

मी म्हणालो, "वही गेली, तोंड तर आहे ना? पुढच्या बसनं जाऊ, तोंडी विचारू."

"रिकाम्या हातानं? आन् सांगायचं काय, पिशवी कशी गेली ते? आब्रू जाईल माझी. त्यापरास बंदर बघू चल."

आणि आम्ही बंदर पाहिलं. म्हातारे दोन वाजता वाट बघत असतील, तेव्हा आबाजी एका जुन्या तोफेवर हात ठेवून उभा होता आणि मी त्याचा फोटो काढत होतो.

गावात सत्कार झाला. शाल, नारळ, हार. आबाजीनं तासभर तेल अवीव सांगितलं. थुंकलेलं जैतूनसुद्धा आता अमृत झालं होतं. मध्येच बायकांतून सारजावहिनी उठली. "फळं तडकत्यात त्याचं काय म्हनले?"

हा पठ्ठ्या डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "तिथं धा-धा दिस पानी तोडत्यात. झाड चांगलं तहानलं की मग येकदम दाबून सोडायचं. फळ पोसतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनीनं टाळी वाजवली नाही. नवऱ्याला ती चांगली ओळखून होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "मास्तर भावजी, तुमी हुता न्हवं तिथं? आसंच म्हनले?"

खरं बोललो असतो तर भर सभेत भावाची अब्रू गेली असती, आणि त्याच्याबरोबर बंदर बघत हिंडलेल्या माझीही. मला स्वतःची किळस आली, पण तोंडातून निघालं, "होय वहिनी, असंच म्हणाले."

फळं भरायला लागली तशी तिनं दहा दिवस पाणी तोडलं आणि मग दाबून सोडलं. आठवड्यात सगळी फळं तडकली, झाडावर एक धड राहिलं नाही. तिथं आता ऊस आहे.

"त्यो म्हातारा लई शिकल्याला आसंल," वहिनी अजून म्हणते, "पर आपली माती त्याला कळली न्हाय, भावजी."

मी मान डोलावतो.