गोरक्षने चढवलेला ठेका

चाकण पट्ट्यातल्या ज्या कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधतात, तिथं लाइनवर सगळ्या बायका. गोरक्ष तिथला इलेक्ट्रिशियन. गडी कंत्राटी, पण रुबाब मालकाचा. कारण लग्नसराईत आसपासच्या गावांत हळदीला डीजे तोच वाजवायचा.

जेवणानंतर बायका पेंगतात म्हणून स्पीकरवर गाणी लावायचं काम सुपरवायझरने त्याला दिलं. त्याने हिंदी लावलं, मराठी लावलं. बायका शब्दांत रमायच्या, हात थांबायचे. मग त्याने एक इटालियन गाणं काढलं. तिकडं एका उन्हाळ्यात सगळे समुद्रकाठी त्यावर नाचले होते म्हणे. शब्द कुणालाच कळेनात, त्यामुळं उरला नुसता ठेका. त्या ठेक्यात हात पडले. वायर, क्लिप, टेप. वायर, क्लिप, टेप.

त्याची चुलती कस्तुरा त्याच लाइनवर होती. म्हणायची, "गोरख्या, तुझं ते समुद्राचं गाणं लाव बाबा. दुपार कशी जाती कळत न्हाई."

बरं चाललं होतं. हे मी मान्य करतो, आणि मी पडलो कामगार संघटनेचा, कंपनीचं सहसा काही मान्य करत नाही.

मग त्याच गाण्याचा रिमिक्स आला. कुणा जर्मन डीजेने खाली दणदणीत बेस घालून चाल पळवली होती. ज्याच्या त्याच्या रीलमध्ये तेच. सुपरवायझरने मोबाइल पुढं केला. "गोरक्षराव, हे लावा की. जरा जोर येईल."

"एकदम लावलं तर कळतं साहेब," गोरक्ष म्हणाला. "वरातीत आम्ही ठेका हळूहळू चढवतो. नाचणाऱ्याला वाटतं, आपल्याच अंगात आलंय."

बोलला आपली कला दाखवायला. सुपरवायझरने मात्र ती कामाची गोष्ट म्हणून ऐकली. "मग चढव की. तुला कायम करायचं माझ्याकडं लागलं."

गोरक्ष जुन्या गाण्याला लॅपटॉपवर दर आठवड्याला थोडं पळवू लागला, खाली थोडा थोडा बेस भरू लागला. पळवत पळवत रिमिक्सच्या चालीला आणलं आणि एके दुपारी अलगद रिमिक्सच लावला. कुणाला पत्ता नाही. बायकांचे हात मागोमाग पळाले, जुड्या जास्त निघाल्या, आणि जेवढ्या निघाल्या तेवढं पुढचं टार्गेट झालं.

कस्तुराच्या टेबलावर अर्धवट जुड्या साचायला लागल्या. अंगठा सुजला. एकदा चहाला ती गोरक्षला म्हणाली, "माझं वय झालं रे. लाइन तीच, गाणं त्येच, हातच मागं पडत्यात."

"डॉक्टरला दाखव काकी," म्हणून तो चहा अर्धा टाकून निघून गेला.

पुढं तिला गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आमची संघटना भांडायला तयार होती. मी तिच्या घरी गेलो, तर बाई हात जोडून म्हणते, "दादा, कंपनीचा काय दोस? माजंच हात गेलं." मला तिचाच राग आला. जिला भांडायचंच नाही, तिच्यासाठी भांडायचं कसं?

तिचे हात का मागं पडले, ते गोरक्षने काळेवाडीला संघटनेच्या खोलीवर येऊन सांगितलं. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. त्याने मान खाली घालून ऐकल्या.

"काकीला तुम्हीच सांगा ना, भाऊ."

"मी का? ठेका मी चढवला?"

त्याला घेऊन गेलो. कस्तुरा ओसरीवर शेंगा फोडत होती. गोरक्ष तिच्यासमोर बसला. त्याने खिशातून मोबाइल काढून जुनं गाणं लावलं. ती हसली, आणि हात आपसूक त्या ठेक्यात चालायला लागले. मग त्याने रिमिक्स लावला. थोडा वेळ हात पळाले, मग दाणे सुपाबाहेर उडायला लागले. ती थांबली.

"ह्ये आन् ते येकच?"

"येकच. मी पळवलं, काकी. तुला कळू नये असं, थोडं थोडं."

ती त्याच्याकडं बघेचना. आपल्याच बोटांकडं बघत राहिली. "मी ह्यांना तेल लावत व्हते," ती म्हणाली, "आन् ह्यांनाच शिव्या देत व्हते."

गोरक्ष रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "उद्या गेटवर चल. बायांना सांग."

"नोकरी जाईल, काकी."

"व्हय," ती म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी तो हळदीचा मोठा स्पीकर घेऊन आला. लाइनवरच्या बायका बाहेर पडल्या, भोवती जमल्या. त्याने रिमिक्स लावला. दिवसभर राबलेल्या त्या बायका पिशव्या सावरत नुसत्या उभ्या होत्या, आणि त्यांची बोटं हलत होती. वायर, क्लिप, टेप. त्यांचं त्यांना कळत नव्हतं. गोरक्षला दिसत होतं. त्याने मान फिरवली.

"तकडं कुठं बघतूस?" कस्तुरा म्हणाली. "हातांकडं बघ त्यांच्या. आन् आता जुनं लाव."