मागून येणारं दुकान

आमच्या भाऊजींना रविवारी 'दुकान' म्हणतात. बाकीचे दिवस ते हॉस्पिटलात एक्स-रे काढतात आणि तिथं त्यांना कुणी काहीच म्हणत नाही. 'श्वास रोखा', 'आता सोडा', एवढंच काय ते बोलणं, आणि तेही त्यांनीच करायचं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारून विचारून नातेवाईक दमले आणि एकेक करून गप्प झाले. राहतात आमच्याच वरच्या खोलीत, जेवायला खाली येतात. जेवताना 'मीठ बरोबर आहे' यापलीकडे शब्द खर्च करत नाहीत. आमचे हे तरी कुठे मोठे बोलके लागून गेलेत! दोघे भाऊ समोरासमोर बसले की भांड्यांचाच काय तो आवाज. मी पडदे शिवते, दिवसभर मशीनशी बोलते, त्यामुळे या घरात बोलण्याचं कामही आपसूक माझ्याच गळ्यात पडलंय.

रविवारी मात्र हा माणूस उजाडायच्या आत जिन्यावर धडाधडा उतरायचा. गावाबाहेरच्या डोंगरात कच्च्या वाटांवर सायकली चालवणारी एक टोळी आहे. दगड, मुळं, चिखल, जिथं शहाणा माणूस पायी जायला कंटाळेल तिथं ही मंडळी हौसेनं सायकल घालतात. म्होरक्या एक बेकरीवाला, आवाज असा की त्याच्या भट्टीला भोंगा लागत नाही. दुसऱ्या एक वकीलबाई, ज्यांच्या ऑफिसचे पडदे मी शिवलेत. बाकीचे चारसहा जण येऊन जाऊन. आणि आमचे भाऊजी, पाठीला सॅक लावून.

त्या सॅकबद्दल मी बोलू शकते, कारण तिचे पट्टे मीच शिवून देत आले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी मी जाड पडद्याला लावते ती कॅनव्हासची पट्टी लावली, तरी उसवली. आत काय नव्हतं ते विचारा. पंप. प्रत्येकाच्या चाकाच्या मापाची ट्यूब. टायर उचकटायच्या पट्ट्या. चेन तोडायचं हत्यार आणि जोडायच्या कड्या, त्याही निरनिराळ्या, कारण एकाची कडी दुसऱ्याच्या चेनला बसत नाही म्हणे. ब्रेकच्या गाद्या. प्लॅस्टिकच्या बांधपट्ट्या. मागच्या गिअरला धरून ठेवणारा एक छोटा धातूचा तुकडा असतो, हँगर म्हणतात त्याला. सायकल आपटली की तो वाकतो, आणि प्रत्येक सायकलीचा वेगळा. शहाण्या माणसानं आपला आपण जवळ ठेवायचा असतो. आमचे भाऊजी सगळ्यांचे ठेवायचे, रंगीत दोरे बांधून. बेकरीवाल्याचा लाल, वकीलबाईंचा निळा. दोरे माझ्याच डब्यातले.

शिवाय अर्धं हॉस्पिटल. क्रेप बँडेज, हात गळ्यात अडकवायचं त्रिकोणी फडकं, जखम धुवायचं पाणी, चमकत्या कागदाचं पांघरूण, शिट्टी, ग्लुकोज. दिवसभर मोडलेली हाडंच बघायची म्हटल्यावर माणसाला प्रत्येक वळणावर फ्रॅक्चर दिसणारच. आणि एक्स-रेच्या जुन्या फिल्मचे कापलेले तुकडे! टायर चिरला तर आतून लावायला त्याच्याइतकं चिवट काही नाही, असं त्यांचं म्हणणं. कुणा अनोळखी म्हातारीचा गुडघा बेकरीवाल्याच्या टायरमध्ये बसून डोंगरभर हिंडून आलाय.

या दुकानाचा एक नियम होता. ते सगळ्यात शेवटी चालायचं. कुणाचं काही बिघडलं की त्यानं वाटेच्या कडेला बसायचं आणि वाट बघायची, दुकान मागून येतंच. छान सोय. भाऊजी पुढे गेले असते तर मागच्याचं पंक्चर कोण काढणार? म्हणून इतकी वर्षं ते मागेच. माथ्यावर बाकीची मंडळी चहा पिऊन, पाय पसरून, फोटो काढून उठायला लागायची, तेव्हा भाऊजी पोचायचे. 'आलं दुकान, चला!' की निघाले सगळे. माथ्यावर बसून खालचं खोरं कसं दिसतं हे त्यांनी कधी निवांत पाहिलंच नसेल.

मी म्हणायची, "अहो भाऊजी, त्यांना हात नाहीत का? एकेक ट्यूब घेतील की आपापली."

"विसरतात, वहिनी."

"विसरत नाहीत. तुम्ही आहात म्हणून आणत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा सगळे!"

त्यावर हसायचे. त्या हसण्याचा मला राग यायचा तो वेगळाच, कारण दिसत होतं की त्यांना ते आवडतंय. सबंध आठवड्यात त्यांना हाक मारणारं तेवढंच होतं.

मग कंबर धरली. आधी लपवलं. जिना उतरताना कठडा धरायला लागले, खाली वाकून बूट घालायचे ते पाय वर करून घालायला लागले. मी विचारलं तर 'झोपेत अवघडली.' झोपेत काय महिनोन्‌महिने अवघडते? शेवटी एके दिवशी आपल्याच खात्यातल्या सोबत्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला. डॉक्टरांकडे जायच्या आधीच घरी आले, फिल्म स्वयंपाकघरातल्या खिडकीला लावली आणि म्हणाले, "गेली." मणक्यांमधली जागा बुजत आली होती. मला काय कळणार, मला सगळे मणके सारखेच. पण त्यांचा चेहरा मला कळला. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. गादी झिजलीय, सायकल चालवा हवी तर, पण पाठीला वजन लावायचं नाही. अजिबात.

"मग झालं तर," मी म्हटलं. "सायकल सुटली नाही ना? सॅक सुटली, देव पावला. सांगा त्यांना, आपापलं सामान आपण आणा."

दुसऱ्या दिवशी जेवताना भाऊजी अचानक म्हणाले, "जीपवाला आठवतो तुम्हाला?"

आठवत होता. टोळीतच होता, लांबच्या डोंगरात जायचं तर सगळ्यांच्या सायकली आपल्या जीपमागे लादून न्यायचा. त्यानं जीप विकली. मग एका रविवारी आला नाही, दुसऱ्या रविवारी आला नाही, आणि तिसऱ्या रविवारी त्याचा विषयसुद्धा निघाला नाही.

"मीही नाही फोन केला," भाऊजी म्हणाले. "गरज सरो, वैद्य मरो."

त्यातच बेकरीवाल्यानं मागे कधीतरी तोडलेले तारे त्यांच्या डोक्यात बसले होते. भाऊजी तापानं आजारी होते, तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, 'दुकान बंद तर आपली स्वारीही बंद.' उचलली जीभ लावली टाळ्याला! त्याला वाटलं आपण कौतुक करतोय. भाऊजींनी ते वाक्य जपून ठेवलं आणि कमरेसोबत बाहेर काढलं. सॅक नसलेल्या माणसाला ही मंडळी रविवारी बोलावतील का, एवढाच प्रश्न होता. एवढाच म्हणजे, त्यांच्याकडे दुसरं होतंच काय?

मी म्हटलं, मी सांगते वकीलबाईंना. तर हातच जोडले. "मीच सांगेन. माथ्यावर, सगळे बसलेले असताना."

त्या रविवारी त्यांनी सॅक जिन्याच्या खुंटीला टांगून ठेवली आणि मोकळ्या पाठीनं गेले. आता यातली गंमत ऐका. पायथ्याशी सगळ्यांसमोर तसं मोकळं उभं राहायचा त्यांना धीर होईना. म्हणून मेसेज टाकला, 'तुम्ही निघा, मी येतो.' नेहमी मागेच असणारा माणूस. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि हे महाशय सायकल हातात धरून भलत्याच बाजूनं, पायवाटेनं चढले. उभी वाट, पण जवळची. ओझं असताना त्यांनी ती कधी धरलीच नव्हती. पायवाटेला वळता वळता बेकरीवाल्याची गाडी रस्त्यानं गेली. भाऊजींनी तोंड फिरवलं. वर पोचले तर माथा मोकळा. जन्मात पहिल्यांदा पहिले.

इकडे मुख्य वाटेवर वकीलबाईंचा टायर एका धारदार दगडानं कडेनं चिरला. कुणाजवळ ट्यूब नाही, पंप नाही, साधी चिकटपट्टी नाही. पण घाबरलं कोण? कुणीच नाही. रीतसर सायकल आडवी केली, वाटेच्या कडेला बसले आणि दुकानाची वाट बघायला लागले. मागून. दुकान वर बसलंय आणि गिऱ्हाईक खाली वाकून बघतंय! जगात दुसऱ्या कुठल्या टोळीनं अशी चूक केली नसती. आधी फोन लावला असता, नाहीतर चालू लागले असते. या मंडळींना सवय लागली होती. बसले. बिस्किटं खाल्ली. थट्टा झाली, 'दुकान आज उशिरा उघडतंय.' मग थट्टा संपली. फोन लावला तर तिथं रेंज नाही.

माझा फोन वाजला तेव्हा मी एका लग्नघराचे पडदे टाचत होते. वकीलबाई. कोर्टात म्हणे भल्याभल्यांची फे फे उडवतात. इथं धापा टाकत होत्या, एक शब्द धड नव्हता.

"वहिनी, ते घरी परत आलेत का?"

"नाही. का?"

"सापडत नाहीयेत. आम्ही पार पायथ्यापर्यंत आलो. बेकरीवाले ओढ्यात उतरलेत, तिथं काठ निसरडा आहे... हाका मारतोय, ओ नाही. फोनही लागत नाही. त्यांची कंबर दुखत होती का हो? मागच्या वेळी उतरताना थांबले होते. मी विचारायला हवं होतं. माझंच चुकलं."

टाचणी बोटात गेली ती नंतर दिसली. पण नजर गेली जिन्याकडे. सॅक खुंटीला होती.

"बाई," मी म्हटलं, "दुकान घरी आहे."

"काय?"

"सॅक इथं टांगलीय. ते मागून यायचे ते तुमच्या पंक्चरांसाठी. सॅकच घरी आहे तर मागून कशाला येतील? वर बघा."

मग त्या ओरडल्या, मला नाही, ओढ्याकडे तोंड करून, "अहो वर! वर असतील ते!" आणि फोन तसाच चालू ठेवून पळाल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी मशीनला म्हटलं, आणि तेव्हा कुठे बोटातली टाचणी काढली.

पुढचं मला दोन्हीकडून कळलं. बेकरीवाला पहिला वर पोचला. नडग्या काट्यांनी ओरबाडलेल्या, बूट चिखलानं भरलेले, चेहरा लालबुंद. भाऊजी दगडावर बसले होते. ह्याला बघून ते उठले आणि पहिलं काय बोलले असतील? "माझ्याकडे काही नाहीये. पंपसुद्धा नाही."

"पंप गेला खड्ड्यात!" बेकरीवाला म्हणे इतका मोठ्यानं ओरडला की खाली वकीलबाईंना ऐकू गेलं. "अरे, आम्ही तुला मेलेला समजून शोधतोय तिकडे!" आणि पुढे दोनचार शब्द, जे मला कुणीच सांगितले नाहीत.

मग भाऊजींनी कमरेचं सांगितलं. त्यावर तो, "मग आधी बोलायला काय धाड भरली होती?" सगळे त्या माथ्यावर बसले. वकीलबाई हुंदके देता देता ओरडत होत्या, कुणावर ते त्यांनाही ठाऊक नसेल. परत येताना सगळे चालतच आले, सायकली हातात धरून, कारण एक बिघडलेली आणि बाकीच्यांना त्या दिवशी बसवेना.

संध्याकाळी भाऊजी जेवायला खाली आले. मी काही विचारलं नाही. म्हटलं, आज नाही. आमच्या ह्यांनी वाढलेलं ताट पुढे सरकवलं. भाऊजींनी दोन घास खाल्ले, आणि नेहमी मिठाचं बोलतात तिथं भलतंच बोलायला लागले.

"बेकरीवाल्यानं गाडीतून माझी मोकळी पाठ पाहिली असं मला वाटलं, वहिनी. वर बसलो, कुणी येईना. म्हटलं, त्यानं सगळ्यांना सांगितलं. दुकान रिकामं आहे, चला दुसरीकडे. गेले." ते थांबले. "मनातल्या मनात एकेकाला शिव्या घातल्या. प्रत्येकाला वेगळी. त्यांच्या सायकलींचे ते तुकडे आहेत ना, दोऱ्यांचे, ते उद्या पोस्टानं पाठवून द्यायचे ठरवलं. पाकिटावर काय लिहायचं तेसुद्धा ठरवलं."

"बरं मग?" हे म्हणाले. आमचे हे! मी चमच्यासकट त्यांच्याकडे बघतच राहिले.

"मग काय," भाऊजी म्हणाले. एवढा मोठा माणूस, हातात घास तसाच, ढसाढसा रडायला लागला. "उतरताना ती मुख्य वाट पाहिली ना मी. वकीलबाईंची सायकल तिथंच आडवी पडली होती. बेकरीवाल्याची त्याहून खाली, फेकून दिल्यासारखी. पंक्चर तसंच टाकून धावले होते ते, दादा. मला शोधायला खाली धावले होते."