चौथा ‘हव’

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते दाराशी साचणाऱ्या चपलांसारखे असतात. पाहुणे गेल्यावर पाहावं, तर एखादा जोड जास्तच निघतो! मला रोज दोन ओळी लिहून ठेवायची सवय, म्हणून आमचे किस्से शाबूत राहिले. नाहीतर आता माझाही विश्वास बसला नसता.

आम्ही चौघांनी पन्नाशीच्या तोंडावर बाहेरून बी.ए.चे फॉर्म भरले. मी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ऑफिसात. गजूभाऊंचं सदर बाजारात साड्यांचं दुकान. अरुण आमचा मित्र, आणि वंदनावहिनी त्याची बायको. अभ्यास गजूभाऊंच्या दुकानावरच्या गोदामात, रविवारी दुपारी, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये.

नियम अरुणचा. एकानं मोठ्यानं वाचायचं. परिच्छेद संपला की बाकीच्यांनी ‘हव’ म्हणायचं, म्हणजे समजलं. सगळ्यांचं हव आल्याशिवाय पुढे जायचं नाही. अरुणचं स्वतःचं हव सगळ्यात शेवटी यायचं. पटलं नाही तर म्हणायचा, “फिरून वाच.”

दुसऱ्या वर्षी अरुण गेला. हार्ट अटॅक. त्याच्या ऑफिसात त्याच्या जागी वहिनींना घेतलं, पण शिपाई म्हणून. शेवटच्या वर्षाच्या निकालात पास झाल्या तर क्लार्क, नाहीतर कायमच्या शिपाई. “तिघांत मीच खरी विद्यार्थी हाव,” त्या म्हणायच्या, “तुमी दोघं टाइमपास करून राहिले!”

त्याच वर्षी ठरलं, नोट्ससाठी सगळ्यांचं मिळून एक अ‍ॅप घ्यायचं.

*

पहिलं अ‍ॅप गजूभाऊंनी निवडलं. फुकट होतं ना! फक्त तीन फोन जोडता येत होते. आम्हीही तिघंच.

गजूभाऊ जोडले गेले. मी जोडला गेलो. वहिनींनी पासवर्ड टाकला तर उत्तर आलं, तिन्ही जागा भरल्या आहेत.

गठ्ठ्यांवरची चादर घसरली तर मी दचकलो!

मग गजूभाऊंना आठवलं. त्यांनी दुकानातला टॅबलेटही जोडून ठेवला होता, गिऱ्हाइकांना डिझाइन दाखवायचा. “घ्या! भूत निघालं तेही आपल्याच दुकानचं!”

खूप हसलो. ते शेवटचं मोकळं हसणं.

*

दुसरं अ‍ॅप नोट्स वाचून दाखवायचं. बाईचा आवाज, छान स्पष्ट. पण परिच्छेद संपला की थांबायचं. बटण दाबा, फोन बंद करून चालू करा, काही नाही.

गजूभाऊ वैतागून म्हणाले, “काहून थांबून राहिली ही? हव! हव म्हणलं ना, बाई!”

गमतीनं आम्हीही दोघांनी हव म्हटलं. बाई पुढे वाचायला लागली.

पुढच्या परिच्छेदाला पुन्हा थांबली. गजूभाऊंनी हव म्हटलं, मीही म्हटलं. बाई गप्प. वहिनी हळूच म्हणाल्या, “मी नाही म्हणलं अजून.” आणि म्हणाल्या, “हव.”

बाई वाचायला लागली!

गजूभाऊंनी ते अ‍ॅप त्याच दिवशी काढून टाकलं. मला म्हणाले, “डायरीवाले, हे लिहू नका.” मी लिहिलं.

*

तिसरं अ‍ॅप गजूभाऊंच्या रिंकूनं दिलं. ती कॉलेजात शिकते. मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. हे अ‍ॅप आपलं बोलणं ऐकून लिहून काढतं, आणि कोण बोललं तेही दाखवतं. वक्ता १, वक्ता २, असं.

वहिनींनी वाचलं, आम्ही दोघांनी हव म्हटलं. स्क्रीनवर उमटलं:

वक्ता २: हव.

वक्ता ३: हव.

वक्ता ४: हव.

“पापा, इको होगा,” रिंकू म्हणाली.

“कपड्याच्या गोदामात इको? पोट्टी, इथं मी ओरडलो तरी मलेच ऐकू येत नाही!”

*

मला कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय चैन पडत नाही. बीरगांवला घरी एकट्यानं वाचून पाहिलं. एकच वक्ता. गोदामात गजूभाऊंनी वाचलं, मी हव म्हटलं. दोनच. खाली रस्त्यावर स्कूटरचे हॉर्न वाजत होते, त्यांचा एक शब्दही अ‍ॅपनं लिहिला नाही.

वहिनी वाचायला बसल्या की मात्र चौथा यायचा. आणि सगळ्यात शेवटी यायचा.

“वहिनीले काही सांगू नका,” गजूभाऊ कुजबुजले. “दुसरं अ‍ॅप पाहू.”

वहिनी चष्मा पुसत म्हणाल्या, “मले हेच पाहिजे.”

“काहून?”

“याच्यात माझा अभ्यास होते.”

अ‍ॅप ठरलं!

*

परीक्षेच्या आधीचा रविवार. राज्यशास्त्र. वहिनींनी राज्यपालांच्या अधिकारांचा परिच्छेद वाचला. गजूभाऊ, हव. मी, हव.

वहिनी स्क्रीनकडे पाहत राहिल्या. काही उमटेना. त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला, या वेळी सावकाश, समजून. तरी नाही. पुन्हा वाचला.

वक्ता ४: हव.

पेपरात तो प्रश्न आला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही आला! गजूभाऊ म्हणाले, “फुकट तीनदा वाचलं.” वहिनी म्हणाल्या, “त्यालेही पेपर थोडाच माहीत होता.”

‘त्याले’ म्हणजे कोणाला, हे आम्ही विचारलं नाही.

*

निकाल रिंकूनं फोनवर काढला. वहिनींनी तो पाहू दिला नाही, कोणाला सांगूही दिला नाही. “आपल्या नियमानं वाचू,” म्हणाल्या. गोदामात बसलो. त्यांनी अ‍ॅप चालू करून फोन मधोमध ठेवला आणि रिंकूच्या फोनवरून वाचायला सुरुवात केली. आपलं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. मग एकेक विषय. शेवटी, “उत्तीर्ण.”

गजूभाऊ डोळे पुसत म्हणाले, “हव!”

मी म्हटलं, “हव.”

स्क्रीनवर हवच्या दोन ओळी उमटल्या. आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. तिसरी ओळ येईना. गजूभाऊ उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. वहिनींनी मान हलवली आणि फोन उचलायला वाकल्या.

वक्ता ४: फिरून वाच.