ओल्या मोहाचं वजन

लग्नाच्या मांडवात बाकीच्या बाया नवरीचा शालू बघतात, स्वाती नैताम स्टेजचे पाय बघते. चुलतबहिणीच्या लग्नात फोटोसाठी सगळा गोतावळा स्टेजवर चढला, तेव्हा हिनं चांगल्या नटलेल्या मावश्यांना हाताला धरून खाली उतरवलं. "वजन जास्त होऊन राह्यलं," म्हणाली. एवढ्या लोकांदेखत! मावश्यांचा राग अजून गेलेला नाही.

गडचिरोलीला डिप्लोमा करून ती मुलचेऱ्याला परत आली आणि मोठा भाऊ लोकेश याच्या वेल्डिंगच्या दुकानात बसू लागली. लोकेशच्या हाताला गुण आहे, पण त्याचं शास्त्र एकच: जाड पाइप लाव, तुटत नाही. हे ऐकलं की स्वातीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काय ठेवणार, किती ठेवणार, दोन पायांत अंतर किती, हे आधी विचारायचं. मग वजन काढायचं, वजनावरून ताण, आणि ताणावरून पाइप. शेळ्यांसाठी गोठा मागायला आलेला माणूस पुढच्या वर्षी किती करडं होणार याचाही हिशोब देऊन घरी जायचा.

यंदा मोहफुलांच्या हंगामाआधी जवळच्या एका गावातल्या बचतगटाच्या बाया दुकानात आल्या. पुढे रंभाबाई, गटाच्या अध्यक्ष. तोंड फाटकं, मन मोठं. मोहफुलं जमिनीवर वाळत घातली की माती लागते, शेळ्या तोंड घालतात, आणि व्यापारी नाक मुरडतो. गटाला उंचावर जाळीची मचाण हवी होती. नागपूरला तयार मिळते, असं अर्ध्या बायांचं म्हणणं होतं. रंभाबाई म्हणाल्या, "आपली पोर शिकून आली न, तिले करू द्या. नाई जमलं तं नागपूर कुठी पळून चाललं?"

स्वातीनं ते मनाला लावून घेतलं. आजवर तिनं लोकेशच्या कामात दुरुस्त्या सुचवल्या होत्या. पहिल्या पायापासून शेवटच्या पाइपापर्यंत तिची स्वतःची अशी ही पहिलीच वस्तू. ही वाकली असती, तर तिचं गणित पुढे कोणी ऐकून घेतलं नसतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"एका खेपेला मोह किती?" तिनं विचारलं.

"एक क्विंटल धर," रंभाबाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

स्वातीनं एक क्विंटल धरलं, माकडं आणि पोरं चढतीलच म्हणून ते दीडपट केलं आणि पाइप निवडला. लोकेश म्हणाला, बारीक आहे. स्वाती म्हणाली, पुरतो. मचाण उभी राहिल्यावर तिनं रंभाबाईंसकट तिघीजणींना वर बसवलं. पाइप जरासुद्धा लवला नाही. तिघी पाय हलवत वर बसून राहिल्या, उतरायचं नावच घेईनात.

मोह पडायला लागला त्या सकाळी स्वाती लोकेशला घेऊन मुद्दाम बायांच्या गावात गेली. बाया रानातून टोपल्या भरभरून आणत होत्या आणि जाळीवर रिकाम्या करत होत्या. अर्धी मचाण भरली आणि स्वातीनं वाकून जाळीखाली पाहिलं. मधले पाइप खाली झुकले होते. चांगले डोळ्यांना दिसतील असे झुकले होते.

"थांबा! टोपली टाकू नका," ती ओरडली. मग रंभाबाईंकडे वळली. "तुम्ही एक क्विंटल म्हटलं होतं न?"

"एकच होते न बाई. सुकल्यावर."

तिथं सगळ्यांनाच एकदम उमगलं. या मुलखात मोह म्हणजे सुकलेला मोह. बाजारात तोच तोलतात, घरात तोच साठवतात, जावा-जावा भांडतात तेही त्याच्यावरूनच. ओला मोह कोणी तोलतच नाही, आणि सुकून तो एक चतुर्थांश उरतो. स्वाती स्वतः पोरवयापासून मोह वेचत आली होती, टोपलीनं तिचीही मान दुखली होती, तरी कागदावर तिनं सुकलेलंच वजन धरलं.

मागून कोणीतरी नागपूरचं नाव काढलंच. लोकेश पुटपुटला, "मी म्हटलं होतं, जाड लाव." मोह ढिगात राहिला तर आंबणार, म्हणजे जे काय करायचं ते आजच.

"आधी उतरवा सगळं," स्वाती म्हणाली. मोह उतरला तसे पाइप पुन्हा सरळ झाले. तिचा जीव भांड्यात पडला. पाइप लवले होते, पण कायमचे वाकले नव्हते. ती तिथंच मातीत काडीनं आकडे मांडू लागली. वजन चौपट झालंय. पण पाइपाला बरोबर मध्ये टेकू दिला तर अंतर निम्मं होतं, आणि अंतर निम्मं झालं की ताण चौथ्या हिश्शावर येतो. चौपटीला चौथा हिस्सा. ती उठली तेव्हा हसत होती.

"जाड पाइप नको, दादा. मधोमध एक आडवी बल्ली आणि तिच्याखाली खांब, बस्स."

लाकडाच्या बल्ल्या गावातच होत्या. लोकेशनं कुरकुर करत खड्डे खणले, बायांनी दगड ठोकून खांब घट्ट बसवले. दुपारी मोह पुन्हा वर चढला, या वेळी सगळाच. मचाण काठोकाठ भरली. स्वाती प्रत्येक पाइपाखाली वाकून डोळा लावत फिरली. सगळे सरळ होते. तरी तिचा पाय तिथून निघेना.

तेवढ्यात रंभाबाई आल्या. काखेत पेंगुळलेला नातू, हातात जुनं लुगडं. त्यांनी मचाणीखालच्या नव्या बल्लीला लुगड्याची झोळी बांधली, नातवाला आत निजवलं आणि झोका दिला. वर गावाचा सगळा ओला मोह होता.

स्वाती धावतच झोळीशी आली. "बाई, त्याले इथी काऊन निजवलं?"

रंभाबाईंनी ती वेडी असल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. "सावली आहे म्हून. आन् हिशोब तं तूनंच केला न?"

स्वातीनं मनातल्या मनात पोराचं वजन धरलं आणि सगळा हिशोब पुन्हा एकदा केला. मग तीही वाकून मचाणीखाली शिरली, झोळीजवळ मांडी घालून बसली आणि तिनं हळूच झोका दिला.