संत्र्याच्या बगीच्याची धून

आमचा बँड महाल भागातला, वरातीत वाजवणारा. बाबा त्याचे मास्तर. नरखेडकडे मामांचा संत्र्याचा बगीचा होता, त्यावर बाबांनी एक धून बांधली होती. आधी विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू होतं, मग पाटाला पाणी येतं, मग झाडांतून वारा फिरतो. इंजिन म्हणजे माझं युफोनियम, जाड आवाजाचं पितळी भोंगं, भक भक भक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पाणी बँडमधल्या सगळ्यात जुन्या वादकाच्या, चाचांच्या क्लॅरिनेटवर, वारा दोन ट्रम्पेटवर.

ही धून कोणी कधी मागितली नाही. नाचणाऱ्यांना पाटाच्या पाण्याशी काय घेणं? नवरदेव तयार होऊन बाहेर येईपर्यंत जो वेळ मिळे, त्यात बाबा ती वाजवून घेत.

बाबांची एक खोड होती. कागदावर एकही स्वर लिहायचे नाहीत. प्रत्येकाला वेगळं बसवून त्याचा भाग तोंडी शिकवायचे, कारण दुसरे बँडवाले चाली चोरतात म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणायचे. अहो, ती चोरायला बसलं होतं कोण? पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, आणि त्याचा राग आज स्वतःवरच येतो.

डीजे आले, बँड मोडला. चाचा मागच्या हिवाळ्यात गेले. बाबा आता हुडकेश्वरला माझ्याकडे असतात आणि मला ओळखत नाहीत. ती धून एकदा कानावर पडली तर ओळखतील, असं माझ्या डोक्यात बसलं. एका लग्नाच्या व्हिडिओत ती सापडली, तर कॅमेरावाल्याने तिच्यावर सिनेमाचं गाणं चढवलेलं. ट्रम्पेटवाला एक तेवढा भेटला. त्याचे पुढचे दात गेलेत. म्हणाला, "मले काही आठवत नाही गा. तुले तरी चाचाचं आठवते काय?"

मला आठवत नव्हतं. इतकी वर्षं चाचांच्या बाजूला उभा राहिलो, पण कानाशी माझंच भोंगं आणि मागे ढोल. लक्ष सगळं मात्रा मोजण्यात. लाज वाटली.

शेवटी एका दुपारी कपाटावरून युफोनियम काढलं आणि बाबांसमोर बसून माझा तेवढा भाग वाजवायला लागलो. भक भक भक. बाबांनी मान वर केली. गुडघ्यावर बोटं चालायला लागली. माझे डोळे भरून आले, पण मी फुंकत राहिलो. चाचांची जागा आली तशी बाबांची बोटं थांबली. ते दाराकडे बघत बसले. जागा निघून गेली.

"इंजिन तं चालू हाये," ते म्हणाले, "पाणी काहून नाही येऊन राहिलं?"

"येईल, बाबा."

"विहीर आटली असन. बंद कर गा, फुकट डिझेल कायले जाळून राहिला." मग माझ्याकडे नीट बघून, एखाद्या सालगड्याला सांगावं तसं म्हणाले, "माझा पोरगा आला की त्याले सांगजो."

मी बरं म्हटलं आणि वाजवणं बंद केलं.