सोबतकाकूंची खिडकी

आधीच माफी मागतो. मी विमानात आजवर एकदाही बसलेलो नाही, आणि हा लेख विमानांबद्दल आहे. म्हणजे तो खरं तर सोबतकाकूंबद्दल आहे, पण त्यांच्याबद्दल लिहायचं आणि विमानं वगळायची हे काही जमणार नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहायला बसलो की अजूनही वाटतं, कुणीतरी येऊन विचारेल, तुला कुणी सांगितलं रे हे? कुणीच सांगितलेलं नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

अमुक अमुक परदेशी चाललाय असं कळलं की बाकीची माणसं विचारतात, कधी निघणार, किती महिने, मुलाकडे की मुलीकडे. सोबतकाकू विचारायच्या, "विमान कुठलं?" समोरचा गोंधळायचा. कंपनीचं नाव सांगायचा. "ते नाही हो. कंपनी म्हणजे नुसती पाटी. विमान कुठलं ते सांगा." मग तो बिचारा तिकिटावर बारीक अक्षरात काहीतरी शोधायचा, आणि काकू चष्मा वर सरकवून त्याला धीर द्यायच्या, "सापडेल, सापडेल. घाई नाही."

काकू कळव्यात आमच्या समोरच्या घरात राहतात. आयुष्यभर बालवाडीच्या बाई होत्या. काका गेले, मुलगी ऑस्ट्रेलियाला स्थायिक झाली, आणि तिच्या बाळंतपणाला काकू पहिल्यांदा विमानात बसल्या. त्या विमानात शेजारी एक आजी होत्या. एकट्याच निघालेल्या. कुणाचं बोलणं कळेना म्हणून त्या रडायला लागल्या. काकूंनी त्यांचा हात धरला तो थेट तिथल्या दारात त्यांच्या मुलाच्या हातात दिला. त्या मुलाने ठाण्यातल्या आपल्या मित्राला सांगितलं, मित्राने आपल्या बहिणीला सांगितलं, आणि बघता बघता काकूंना निरोप यायला लागले. आमच्या आईला आणायचंय, सोबत मिळेल का? बाबांना एकटं पाठवायची भीती वाटते, सोबत कराल का? नाव असं पडलं. त्यांचं खरं नाव आता टपालाने येणाऱ्या वीजबिलावरच उरलंय.

इतक्या खेपा झाल्यावर विमानांबद्दल त्यांची मतं पक्की झाली होती, आणि ती त्या नातेवाइकांबद्दल बोलावं तशी सांगायच्या. ट्रिपल सेव्हन हे त्यांच्या मते कर्तव्याला चोख पण कोरडं विमान. "वेळेवर पोचवतं, लाड करत नाही. मधल्या चार खुर्च्यांत म्हातारं माणूस बसवलं की ते दळणाच्या रांगेत उभं असल्यासारखं दिसतं." ड्रीमलायनर त्यांना आवडायचं, कारण त्यात नाक कोरडं पडत नाही आणि कान कमी दुखतात. पण त्याच्या खिडकीला झडप नसते, बटणाने काच काळी करतात, आणि कधीकधी ते बटण आपलं ऐकत नाही. "आपल्याला दिवस हवा की रात्र, ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवायचं. हे काही मला पटत नाही." जुन्या जंबोबद्दल त्या हळव्या होत्या. पहिला प्रवास त्यातच झालेला. त्याच्या वरच्या मजल्याचा जिना त्यांनी पाहिला होता, पण वर कोण बसतं ते कधी कळलं नाही, याची रुखरुख होती. आणि त्या मोठ्या दुमजली विमानाबद्दल त्या म्हणायच्या, "इतकं शांत, इतकं शांत, की चार रांगा सोडून कोण घोरतंय तेही कळतं. एवढी शांतता बरी नव्हे."

मी एकदा इंजिनांबद्दल काहीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "इंजिनं किती ते तू मोबाइलवर बघ. मला संडासाचं दार आत उघडतं की बाहेर, ते विचार."

काकूंची खरी कमाल म्हणजे तालीम. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या कुणालाही त्या तालीम दिल्याशिवाय नेत नसत. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्या विमान असेल तशा मांडायच्या. तीन-चार-तीन, नाहीतर तीन-तीन-तीन. भिंतीवर कॅलेंडर उलटं टांगून खिडकी व्हायची. कोपऱ्यातलं कपाट म्हणजे संडास. मांडीवर पाट, पाटावर ताटली, ताटलीत लाडू. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कामं वाटलेली असायची. मला बहुतेक वेळा पुढच्या खुर्चीतला उद्धट प्रवासी करायच्या. "पाठ टाक रे मागे! अजून टाक! आता काकी, तुम्ही काय म्हणणार याला?" मागच्या काकी घाबरत म्हणायच्या, "बाळा, जरा पुढे हो." काकू टाळ्या वाजवायच्या. बालवाडीत पहिल्यांदा कविता म्हणणाऱ्या पोराला वाजवतात तशा.

ठाण्याच्या टेंभी नाक्याचे अण्णा याच खोलीत तयार झाले. कापडाचं दुकान चालवून निवृत्त झालेले, आवाज असा की नवरात्रात त्यांना माइक लागत नसे. तेव्हा काकू पट्टा बांधायला ओढणीवर शिकवायच्या. अण्णांनी मन लावून शिकून घेतलं. आणि खऱ्या विमानात, हवाई सुंदरी सगळं समजावून सांगत असताना, अण्णांनी खऱ्या पट्ट्याची दोन टोकं घेऊन गच्च गाठ मारली. उतरायची वेळ आली तरी ती सुटेना. हवाई सुंदरी दोन्ही हातांनी ओढतेय, आणि अण्णा अभिमानाने सांगताहेत, "टेंभी नाक्याची गाठ आहे बाई, तुमच्याने नाही सुटायची!" शेवटी काकूंनी अंबाड्यातला आकडा काढून ती सोडवली.

ही गोष्ट त्या सगळ्यांना सांगायच्या, पण हसू अण्णांवर ढकलायच्या नाहीत. "ओढणीवर मी शिकवलं, तर माणूस गाठच मारणार ना?" त्यानंतर माझ्या बाबांनी खोपटच्या एसटी डेपोतून एक टाकाऊ पट्टा आणून दिला. बाबा तिथे मेकॅनिक आहेत. काकू प्रत्येकाला बजावायच्या, "हा दाबून सुटतो, विमानातला उचलून सुटतो. बाकी सगळं सारखं."

त्या तालमीचा फायदा विमानात न बसणाऱ्या मलाच जास्त झाला असेल. कॉलेजात तोंडी परीक्षा असते हे मला आदल्या आठवड्यात कळलं. घरात विचारायला कुणी नव्हतं. आईला वाटलं दाताचं काहीतरी आहे. काकूंनी एक अक्षर न विचारता टेबल मांडलं, पलीकडे बाबांना आणि आईला बसवलं, आणि मला दाराबाहेर उभं केलं. "आत येऊ का, म्हण. पाय घासू नकोस. खुर्ची ओढताना आवाज झाला तर होऊ दे." बाबा परीक्षक होऊन इतके लाजले की त्यांनी मला प्रश्नच विचारला नाही, फक्त "जेवलास का?" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी खऱ्या खोलीत शिरलो तेव्हा मला ती ओळखीची वाटली. अनोळखी जागी जायच्या आधी ती जागा आपल्या घरात मांडून बघायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आमच्यासारख्यांच्या पुढे अशा जागा बऱ्याच येतात.

इतकी विमानं झाली, तरी काकू खिडकीत कधीच बसल्या नव्हत्या. "खिडकी म्हाताऱ्यांची," असा त्यांचा नियम. बाहेर बघत राहिलं की माणसाला आत घाबरायला फुरसत मिळत नाही, आणि सोबत करणारीने कडेला बसायचं, म्हणजे पाणी मागता येतं, उठता येतं. मुंबईत उतरताना मात्र त्यांचा जीव वरखाली व्हायचा. विमान पूर्वेकडून उतरलं की उजव्या हाताला पारसिकचा डोंगर दिसतो, खाडी दिसते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे आपलं कळवा वरून दिसत असणार. त्या शेजारच्याला विचारत राहायच्या, "दिसला का पारसिक? दिसला का?" शेजारचे एकतर डोळे मिटून देवाचं नाव घेत असायचे, नाहीतर झोपलेले. एक आजी म्हणाल्या होत्या, "हिरवंहिरवं काहीतरी गेलं बाई." काकूंनी ते हिरवं वर्षभर जपलं.

म्हणून त्यांचं सर्वांत आवडतं विमान कुठलं असेल, तर ते जंबोही नाही आणि दुमजलीही नाही. बाहेर पंखे फिरणारं छोटं विमान. कोल्हापूरहून एका माईंना आणताना त्या त्यात बसल्या होत्या. "त्याचे पंख वर असतात, खिडक्या खाली. मध्ये काही येत नाही. आणि ते फार उंच जात नाही रे. माईंच्या खांद्यावरून मला जरासं दिसलं, आपल्या विमानाची सावली शेतांवरून पळत होती. मोठ्या विमानात आपण पार्सल असतो. त्या छोट्यात प्रवासी असतो."

मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाल्याचं निघालं. उशिराच निघालं. समोरचं दिसत होतं, कडेचं दिसेनासं होत चाललं होतं. एका विमानतळावर कडेने येणारी सामानाची गाडी त्यांना दिसली नाही, आणि त्या हाताला धरलेल्या आजींसकट पडल्या. कुणाला फारसं लागलं नाही. आजींचा मुलगा फार सभ्यपणे म्हणाला, "काकू, आता तुम्ही जरा आराम करा." त्यानंतर निरोप यायचे थांबले.

गच्चीवर पापड उलटताना त्या मला म्हणाल्या, "थेंब घालतेय. जे गेलं ते परत येत नाही, आहे ते किती टिकेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. समोरचं अजून आहे. खिडकीतून बघायला समोरचंच लागतं ना रे?"

"मग जा ना काकू एकदा. कोल्हापूरहून, त्या छोट्यातून. खिडकी घ्या."

"एकटी? मला आता सोबत लागते."

"मी येतो की."

त्या हसल्या. "तू नको. तू पहिल्यांदा बसणार. मग खिडकी तुलाच द्यावी लागेल."

पुढच्या शिक्षणासाठी मी पुण्याला निघालो तेव्हा त्या खोपटला एसटीवर सोडायला आल्या होत्या. आईचा हात धरून, पायरीचा अंदाज घेत. "गाडी कुठली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हाताने बसचा पत्रा चाचपला आणि म्हणाल्या, "बरी आहे."

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मी आधी घाबरलो.

"अरे, काकू विमानात बसल्या! टेंभी नाक्याचे अण्णा घेऊन गेलेले. अंबाबाईला गेले रेल्वेने, आले विमानाने. आणि जायच्या आधी अण्णांनी खाली तालीम घेतली, काकूंची!"

"काकूंची?"

"हो ना! कॅलेंडर टांगलं, बाबांचा पट्टा काढला. काकू आपल्या सवयीने कडेच्या खुर्चीत. अण्णा ओरडले, 'बाई, खिडकीत बसा म्हणतो ना!' अख्ख्या बिल्डिंगला ऐकू गेलं. चारदा उठवलं त्यांना. मी तर विमान यायच्या वेळेला गच्चीवर जाऊन हात हलवत होते. येडीच मी."

मी लगेच काकूंना फोन लावला. कसं विचारावं ते कळत नव्हतं, म्हणून त्यांचाच प्रश्न विचारला. "विमान कुठलं?"

"छोटं. पंख्यांचं," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू. अरे, पण अण्णांनी शांतपणे बघू दिलं तर शपथ! उतरायला लागल्यापासून एकच धोशा, दिसला का, दिसला का. मी लोकांना इतका ताप दिला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं."

"पण दिसला का, काकू?"

पलीकडे त्यांनी खोलीतला पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"खाडी आधी आली. मग पूल. मग तो," काकू म्हणाल्या. "अगदी समोर होता रे."